शोकसभेचा माइक

साहेब गेल्याची बातमी आली तेव्हा हॅलोकाका एका जुन्या अँप्लिफायरचं पोट उघडून बसले होते. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीला एकात एक अडकवलेले कर्णे, छताला वायरींची वेटोळी, आणि मधोमध एक टेबल, ज्यावर जेवणाच्या डब्यालाही जागा मागून घ्यावी लागे. शेजारच्या औषधाच्या दुकानातली बाई डोळे पुसत दारात येऊन उभी राहिली.

"गेले," ती म्हणाली.

कोण, हे विचारायची गरज नव्हती. गावाचे पुढारी असलेले साहेब कित्येक दिवस इस्पितळात होते आणि अख्खं गाव कान टवकारून बसलं होतं, निम्मं काळजीनं आणि निम्मं वेगळ्याच आशेनं. साहेब हा माणूसच तसा होता. ज्यांच्या घरात त्यांनी नळ आणला, ते त्यांचा फोटो भिंतीवर लावत. ज्यांचं घर त्यांनी पाडलं, ते त्यांचं नाव निघालं की तोंड फिरवत. काही घरांत तर ही दोन्ही प्रकारची माणसं एकाच पंगतीला जेवत.

हॅलोकाकांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि दारात आले. समोरचा चहावाला घाईघाईनं शटर ओढत होता.

"एवढं वाईट वाटलं?" काकांनी विचारलं.

"वाटेल सावकाश. आधी काचा वाचवू द्या," तो म्हणाला.

समोरच्या इमारतीतले निवृत्त मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले होते. भेटेल त्याला "फार वाईट झालं, फार वाईट झालं" म्हणत होते, पण त्यांचे ओठ काही केल्या त्यांचं ऐकत नव्हते. साहेबांनी त्यांची बदली कुठल्या कुठे केली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या गल्लीत एक फटाका वाजला. एकच. मग कुणीतरी दटावल्यासारखी शांतता पसरली.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. साहेबांच्या कार्यालयातला माणूस बोलत होता. "काका, संध्याकाळी मैदानावर शोकसभा आहे. माइक तुमचाच. साहेबांना दुसऱ्या कुणाचा चालायचा नाही, तुम्हाला माहीतच आहे."

काका "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तरुणपणापासून त्यांचा हाच धंदा होता. सभा कुणाचीही असो, सुरू होण्याआधी ते मंचावर चढून "हॅलो, हॅलो" म्हणत आणि त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. गावाला त्यांच्या तोंडापेक्षा आवाजाची ओळख जास्त. बायकोलाही लोक हॅलोकाकू म्हणत आणि ती बिचारी साधा फोन उचलायलासुद्धा कुरकुरायची.

वायरी गोळा करताना काकांनी स्वतःला चाचपून पाहिलं. वाईट वाटतंय का? वाटत होतं. बरं वाटतंय का? तेही कुठेतरी, अगदी तळाशी, वाटत होतं. आणि त्या बरं वाटण्याची त्यांना लाज वाटत होती.

त्याला कारण होतं. काकांची मुलगी जन्मली तीच हृदयाला भोक घेऊन. ओठ निळे पडायचे. मोठ्या इस्पितळात तारीख मिळेना. एका सभेनंतर साहेबांनी सहज विचारलं, "आज आवाज का पडलाय तुझा?" काकांनी सांगितलं. साहेबांनी तिथंच मंचाच्या पायरीवर बसून फोन लावला. त्याच आठवड्यात मुलीचं ऑपरेशन झालं. आज ती दोन लेकरांची आई आहे आणि जिने धावत चढते. हे उपकार काका कधी विसरले नाहीत.

आणि त्याच साहेबांनी जुना बाजार पाडला. रुंद रस्ता हवा होता. त्या बाजारात काकांच्या थोरल्या भावाचं, दादाचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानं आणि वहिनीनंच धाकट्याला वाढवलं. धाकट्यानं पहिला रेडिओ उघडला तो त्याच सायकलच्या दुकानात, दादाच्या पान्यांनी. पाडापाडीच्या आदल्या दिवशी मैदानावर सभा झाली. साहेब म्हणाले, "गावाच्या छातीवर ही घाण बसली आहे. उद्या ती झाडून काढू." टाळ्या पडल्या. माइक काकांचा होता, कर्णे काकांचे होते, आणि दादा गर्दीत उभा होता.

दुकान पडल्यावर काका दादाकडे गेले. दादा फक्त एवढंच म्हणाला, "मला घाण म्हटलेलं तुझ्याच कर्ण्यातून ऐकलं मी."

त्या वेळी गप्प राहायला हवं होतं. पण काकाही तरणेबांड होते, तापट होते. म्हणाले, "कर्णा काय, जो बोलेल त्याचं ऐकवतो. उद्या तुमच्या बाजूचे लोक बोलावतील, त्यांचंही ऐकवीन. आणि माझी पोर त्यांच्यामुळं जिवंत आहे, हे विसरू नको."

"मग त्यांच्याकडेच राहा," दादा म्हणाला.

बोलणं तिथं तुटलं. दादा पुढं एका गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्याचं काम करू लागला. एकाच गावात, चार गल्ल्यांच्या अंतरावर, दोघं भाऊ परक्यासारखे राहिले. वाटेत समोरासमोर आले की एक जण रस्ता ओलांडायचा. वहिनी गेली तेव्हाही काकांना कुणी कळवलं नाही. सगळं उरकल्यावर भाजीवालीकडून कळलं. काकूनं "आता तरी जाऊन या" म्हणून खूप समजावलं, पण काका दादाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. दार उघडून दादानं तोंडावर लावलं असतं, तर ते सोसवलं नसतं.

संध्याकाळी मैदानावर काकांनी कर्णे बांधले, स्टँड उभे केले, मंचावर माइक लावला. साहेबांचा मोठा फोटो येऊन बसला होता, फुलं अजून यायची होती. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत काकांनी सवयीनं माइकवर टिचकी मारली. "हॅलो. हॅलो." कर्ण्यानं शिट्टी मारली, काकांनी बटण फिरवलं, पुन्हा म्हणाले, "हॅलो."

मैदानाच्या टोकाला, कुंपणापाशी, एक म्हातारा उभा होता. पहारेकऱ्याची खाकी टोपी हातात धरून. दादा आज इथं कशाला आला असेल? काही बोलेल? मंचावर येऊन शिव्या देईल? कार्यालयातली पोरं तर त्याचा चेंदामेंदा करतील.

काका खाली उतरले आणि खुर्च्यांमधून वाट काढत कुंपणापर्यंत गेले. जवळून पाहिलं तर दादा फार म्हातारा झाला होता. कानांवरचे केस पांढरे, हाताची बोटं वाकलेली.

"दादा," काका म्हणाले, "आज नको काही बोलूस. माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी म्हणतोय."

"मी काय बोलणार?" दादा फोटोकडे बघत म्हणाला. "खरंच गेला का, ते बघायला आलो."

"गेले."

"हं," दादा म्हणाला. "रोज सकाळी पेपर उघडला की आधी याचं नाव बघायचो. वाटायचं, हा जाईल त्या दिवशी पोटभर जेवेन. आज दुपारी कळलं आणि घास उतरेना."

"का?"

"कुणाला सांगू तेच कळेना. ती असती तर तिला सांगितलं असतं."

वहिनीचं नाव न घेताही ती दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"तुला एक सांगायचं राहिलंय," दादा म्हणाला. टोपी या हातातून त्या हातात गेली. "आमची खिडकी या मैदानाच्या बाजूला उघडते. तू इथं माइक लावायला आलास की तुझा आवाज घरात यायचा. ती स्वयंपाकघरात असायची. तू इकडं हॅलो म्हणालास की ती तिकडं 'ओ' म्हणायची. लहानपणी तू हाक मारायचास तेव्हा म्हणायची तसं. मग मला म्हणायची, 'भावजी आलेत. घसा बसलेला वाटतोय.'"

काकांनी कुंपणाची तार धरली.

"आणि मी उठून खिडकी लावायचो," दादा म्हणाला. "दर वेळी. ती काही बोलायची नाही. शेवटी शेवटी अंथरुणातून उठता येत नव्हतं, तेव्हा एकदा म्हणाली, 'उघडी राहू दे ना आज.' मी लावली. राग याच्यावर होता," त्यानं फोटोकडे हनुवटी केली, "आणि खिडकी तिच्या तोंडावर लावत बसलो."

काकांचे डोळे भरून आले. म्हणावंसं वाटलं, मला बोलावलं का नाहीस. पण मग स्वतः कोपऱ्यावरून परत फिरल्याचं आठवलं.

"मीही यायला हवं होतं," ते म्हणाले. "दार लावलं असतंस तर लावलं असतंस."

"लावलं असतं," दादा म्हणाला. "पण ती आतून उघडून आली असती."

माणसं जमू लागली होती. मंचावरून कार्यालयातला माणूस हात हलवून काकांना बोलावत होता. काका म्हणाले, "बस इथंच, खुर्चीवर. संपल्यावर जाऊ बरोबर." दादानं मान हलवली, पण बसला नाही.

सभा झाली. साहेबांना आयुष्यभर पाण्यात पाहणारे दोन पुढारी आले आणि गळा दाटून बोलले. औषधाच्या दुकानातली बाई पहिल्या रांगेत खरंखुरं रडत होती; तिच्या आईला साहेबांनी इस्पितळात वेळेवर खाट मिळवून दिली होती. मास्तरही आले होते आणि आता त्यांच्या ओठांवर हसू नव्हतं. ते एकटेच शेवटच्या रांगेत, समोरच्यानं भांडण अर्ध्यावर सोडून निघून जावं तसे बसले होते. एका पुढाऱ्यानं रुंद रस्त्याचा उल्लेख केला. जुन्या बाजाराचं नाव कुणी घेतलं नाही. काका मंचामागं बटणांपाशी बसले होते. बोट एका बटणावर होतं. नुसतं फिरवलं असतं तर आवाज बंद झाला असता. त्या जुन्या सभेतही तसंच बोट होतं. काकांनी फिरवलं नाही तेव्हाही आणि आताही. आता फिरवून कुणाचं काय भलं होणार होतं?

सभा संपली तेव्हा कुंपणापाशी कुणी नव्हतं.

रविवारी काका दादाकडे गेले. काकूनं न्यायला डबा भरून दिला होता. दार दादानंच उघडलं आणि तो बाजूला झाला. खोली स्वच्छ होती, एकट्या माणसाची असते तशी: एक कप, एक ताट, एक उशी. काका खुर्चीवर बसले. मुलीची खुशाली सांगून झाली, नातवंडांची झाली, दोघांच्या गुडघ्यांची झाली. मग बोलणं आटलं. इतक्या वर्षांत दोघांच्या आयुष्यात जे घडलं, ते एकमेकांना माहीतच नव्हतं, आणि ते सगळं सांगायला कुठून सुरुवात करावी, हे दोघांनाही उमगेना.

शेवटी दादानं साहेबांचा विषय काढला. कसा लबाड होता, कसा निगरगट्ट होता. काका ऐकत राहिले. पूर्वी असते तर तावातावानं उत्तर दिलं असतं. आता म्हणाले, "होता खरा. पण दादा, माझी पोर..."

"ते मी कधी नाकारलं नाही," दादा म्हणाला. "तुझ्या पोरीचं ऑपरेशन झालं त्या दिवशी ही दिवसभर जेवली नव्हती. मीही नाही."

हे काकांना माहीत नव्हतं. त्यांनी डबा उघडला आणि दादासमोर सरकवला. एकच ताट होतं, म्हणून दोघं डब्यातूनच जेवले. जेवताना पुन्हा साहेबांचाच विषय चालला. दोघांकडं बोलायला सामाईक असं तेवढंच उरलं होतं.

पुढं काका दर रविवारी जात राहिले. काकूनं विचारलं, "काय बोलता एवढं?"

"भांडतो," काका म्हणाले. मग रिकामा डबा तिच्या हातात देत म्हणाले, "हळू आवाजात."