पालीत ओळख पटलेली गाडी

मीरा रोडच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. चालता चालता बंद पडणारी गाडी त्याने 'एकदम ओके' म्हणून माझ्या गळ्यात मारली. तीनदा त्याच्या दारात नेली. प्रत्येक वेळी त्याने जवळच एक फेरी मारली, गाडी बंद पडली नाही, आणि उलट मलाच ऐकवलं, "साहेब, गाडी में कुछ नहीं. तुमच्या चालवण्यात आहे."

बायकोलाही ते पटू लागलं होतं. म्हणून रविवारी तिला घेऊन आमच्या पेणकरपाड्याहून उत्तनजवळच्या पालीला निघालो. ताजे बोंबील आणू, गाडीही लांब पळवून बघू. भाईंदर मागे पडलं, मिठागरं संपली, उत्तनचा चढही पार झाला. बायको म्हणाली, "आज क्लच नीट दाबताय."

पालीच्या अरुंद गल्लीत गाडी बंद पडली. मागे स्कूटरवाल्यांचा हॉर्नवर हॉर्न, बाजूला मासे सुकवायची वलांडी (बांबूचा मांडव). तिथे बोंबील टांगणारी म्हातारी वळून म्हणाली, "आली काय परत?"

"आम्ही पहिल्यांदाच आलोय, मावशी."

"तुमाला न्हाय, गारीला (गाडीला) बोलते. पास्कलची हाय ना ती? ह्यो दारावरचा पोचा माज्याच टोपलीनं परला."

पास्कल, म्हणजे गाडीचा आधीचा मालक, समोरच्याच घरातून बनियनवर आला. स्कूटरवाल्यांनी गाडी कडेला ढकलली.

"तापली का बंद परते," तो म्हणाला. "मीरा रोडच्या शेठला सांगूनच दिली मी. त्यावरून तर त्यानं भाव पारला."

माझं डोकंच फिरलं. हाच दोष दाखवून त्याच्याकडून स्वस्तात घेतली आणि तोच लपवून मला विकली! घासाघीस करण्यात मी कुणाला ऐकत नाही. पण दोषच दडवला, तर घासाघीस कशावर करायची?

"पास्कलभाऊ, हे ग्राहक आयोगात येऊन सांगाल?"

"कोरट-कचेरी नको," त्याची बायको आतून म्हणाली. पण आम्हाला बसवून तिने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. इंजिन निवेपर्यंत जेवलो. हात धुताना पास्कल हळूच म्हणाला, "मासेमारी बंद असली का बोलवा. येन मी."

परतीच्या वाटेवर गाडी आणखी दोनदा थांबली. आता भांडायचंही त्राण उरलेलं नाही. जुनी गाडी घेतली, तिचं जुनेपण घेतलं, त्याची तक्रार नाही. विकणाऱ्याची लबाडी मात्र मी विकत घेतलेली नाही. शेठ, पास्कलने तुम्हाला तोंडावर सांगितलेलं तुम्ही मला का सांगितलं नाही? उत्तर मला एकट्याला नको. आयोगासमोर द्या, पास्कलच्या देखत.