वेबसाइटचं आवतण

चौलमध्ये आता बोर्ड न लावलेली वाडी शोधावी लागते. नारळ-सुपारीच्या सावलीत दोन खोल्या बांधायच्या, एक झोपाळा टांगायचा आणि मुंबईकरांची वाट बघायची, हा इथला नवा धर्म. आम्हीही बाटलो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला काहीतरी उद्योग हवाच होता आणि आमच्या ह्यांना माझ्यापासून थोडी सुटका. भाचीने सुट्टीत येऊन वेबसाइट बनवून दिली. फोटो इतके सुरेख, की आपणच जाऊन राहावं असं मला वाटलं.

पंधरा दिवस झाले, चिटपाखरू फिरकलं नाही. भाचीला फोन केला. "मावशी, शेअर कर ना सगळ्यांना," ती म्हणाली. मला एखादी गोष्ट कर म्हणून सांगणं धोक्याचं असतं. मी हात धुऊन मागे लागते.

रोज सकाळी वाडीतल्या जास्वंदीचा फोटो, त्यावर सुप्रभात, खाली लिंक. माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, देवळाच्या उत्सवाचा ग्रुप, सिलिंडर आणून देणारे काका, दाताचे डॉक्टर. शेजारच्या काकूंनाही पाठवलं, तेव्हा हे म्हणाले, "अगं, त्या आपली वाडी रोज खिडकीतून फुकट बघतात." रेवसच्या लाँचने जाणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. समुद्र खवळला, लाँच बंद, एवढंच तिथे कळवायचं असतं. तिथेही मी जास्वंद टाकली. "मॅडम, धक्क्यावर उभं राहून आम्ही तुमची फुलं बघायची का?" असं एकाने विचारलं. मी चांगलीच रागावले. माणसं किती कुजकी असतात, असं ह्यांना दोन दिवस ऐकवत होते. आज वाटतं, तो बिचारा सभ्यच होता.

भाचीने आणखी एक सोय करून दिली होती. कुणाचा निरोप आला, की मी स्वयंपाकघरात असले तरी फोन आपणहून उत्तर देणार. मजकूर मी स्वतः लिहिला, शाळेच्या सूचनाफलकाच्या भाषेत. मला तो फार भारदस्त वाटला होता.

मग एक दिवस शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपमधून माझी मैत्रीण बाहेर पडली. ही उरणची, मिठागरवाल्या घरातली. अलिबागला शिकताना आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. पुढे संसारात गुरफटलो, तरी दुरावलो कधी नाही. आमच्या वयाच्या बायकांत ग्रुप सोडणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठून जाणं. काय बिनसलं म्हणून मी तिच्याशी झालेलं जुनं बोलणं फोनवर उघडलं. आठ दिवसांपूर्वी तिने लिहिलं होतं, "येऊ का गं दोन दिवस तुझ्याकडं?"

खाली माझं उत्तर होतं. "नमस्कार! आमच्या वाडीत आपले सहर्ष स्वागत आहे. खोलीची नोंदणी वेबसाइटवर आगाऊ करावी. ओळखपत्र आवश्यक. पाळीव प्राणी आणू नयेत."

त्याखाली पुढच्या आठही सकाळच्या जास्वंदी ओळीने फुलल्या होत्या. सगळ्यांना एकगठ्ठा पाठवण्याच्या नादात मी तिचा निरोप पाहिलाच नव्हता.

ह्यांना दाखवलं. ते हसायला लागले आणि माझा चेहरा बघून थांबले. तिला फोन लावला, ती उचलेना. लिहून माफी मागावी, तर बोट चालेना. माझ्या लिहिण्यावर आता तिने का विश्वास ठेवावा?

आमच्याकडे लग्नाची पत्रिका नुसती पोचली तर ते बोलावणं धरत नाहीत. घरी जायचं, टेकायचं, घरातल्यांची विचारपूस करायची आणि मग हातावर अक्षता ठेवून "सगळ्यांनी यायचं" म्हणायचं. पत्रिका दारातून टाकून गेलेल्याच्या मांडवात कुणी पाऊल ठेवत नाही, नावं मात्र वर्षभर ठेवतात. हे सगळं मला पाठ. धाकट्या दिराच्या लग्नात मी अख्खी आळी पालथी घातली होती. आणि वेबसाइटची वेळ आली, तेव्हा रोज सकाळी दारोदार पत्रिका भिरकावत सुटले होते.

ते आपोआपचं उत्तर बंद केलं, एकगठ्ठा पाठवायची नावांची यादी पुसून टाकली. आता मी एकेकाला नावानिशी लिहिते, वाडीचा विषय निघालाच तर "फोटो पाठवू का?" म्हणून आधी विचारते. नको म्हणाले तर नको. पाहुणे येतात तेवढे पुरतात. पण हे शहाणपण नंतरचं. त्या दिवशी मी कुंकू लावलेल्या अक्षतांची पुडी बांधली, रेवसहून लाँचने करंजाला उतरले आणि रिक्षाने उरणला तिच्या दारात उभी राहिले.

तिने दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "ओळखपत्र आणलंस?"

"आणलंय," म्हणत मी तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. "घरी यायचं. नोंदणी नाही, काही नाही." ती हसली. मला वाटलं, सुटले! मग तिने चहा टाकला आणि मी ओट्याला टेकून सगळी कर्मकथा सांगितली. भाची, वेबसाइट, लाँचवाल्यांचा टोमणा, फोनचा आगाऊपणा. ते उत्तर मी लिहिलं असलं तरी मी पाठवलं नव्हतं, हे तर तीनदा सांगितलं.

तिने कप माझ्यापुढे सरकवला. "त्याचा राग न्हाय गं. यंत्राला काय कळतंय? पण रोज सकाळी तुझं फूल यायचं. महिनाभर आलं. त्यात एकदा तरी लिहायचंस बाय, तू कशी हायस म्हणून."

मला रडूच आलं. रडण्यापेक्षा शरम जास्त वाटली, कारण तिच्या घरात येऊन अर्धा तास झाला होता आणि अजूनही मी माझंच सांगत होते.

मग विचारलं. लेकाची बदली झाली होती, सून आणि नातू त्याच्याबरोबर गेले होते, नवरा ट्रेलर घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. घर खायला उठलं होतं. ती सांगत बसली, मी ऐकत बसले आणि रेवसला परतायची शेवटची लाँच कधी सुटली ते दोघींनाही कळलं नाही.