बाकाच्या टोकावरची बाई

मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असतानाची गोष्ट. पनवेलच्या एसटी स्टँडवर एक बाई उरणच्या गाडीची वाट बघत बाकाच्या टोकाला बसली होती. एखादं पोर जवळ आलं की पिशवी उचलून ती दुसऱ्या बाकावर जायची. माझं जाडजूड पुस्तक बघून तिनं लांबूनच विचारलं, "डाक्टर हाय का तुमी?"

गळ्याच्या आजारासाठी मुंबईला तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं. लहान मुलांपासून लांब राहायचं, हे तिच्या लक्षात होतं. किती दिवस, ते घाबरून विसरली होती.

"घरी नात हाय, चार महिन्यांची. तिला कवा घेऊ?"

हा विषय आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलाच नव्हता. पुस्तकात अर्धं पान होतं, परीक्षेला येत नाही म्हणून मी सोडलेलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

ती रागावली नाही. "मंग ऱ्हाऊ दे. ती चालत माज्याकडं येल, तवाच घेईन."

गाडी आली, ती गेली.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत शोधलं. बाळापासून लांब राहायचं ते थोडेच दिवस होतं. पुढे मी तोच विषय घेतला. आता प्रत्येक पेशंटला दिवस कागदावर लिहून देतो.

तिचं गाव मात्र मी विचारलंच नव्हतं.