उजव्या बाजूची पट्टी

वेल्डरकाकांना एका गोष्टीचा भारी ताठा होता: आपण जोडलेलं लोखंड पुन्हा तुटत नाही. गिऱ्हाईक परत आलंच तर नवी मोडतोड घेऊन येईल, जुनी नाही. बावीस वर्षं हेच ऐकून बायको विटली होती. "अहो, एकदाचं दुकानाच्या पाटीवरच लिहून टाका," ती म्हणायची, "माझे कान तरी सुटतील."

गावातल्या रग्बी क्लबचा सरावाचा गाडा दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचा. गाडा म्हणजे नावालाच, चाकं नाहीत. पुढे जाड गाद्या, वर वजनं आणि खाली गवतावरून घसरायला दोन लांब लोखंडी पट्ट्या. रग्बीत स्क्रम नावाचा प्रकार असतो. दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. त्याची तालीम या गाड्यावर व्हायची. आठ दांडगे रोज रेटणार म्हटल्यावर लोखंड तरी किती सोसेल?

यंदा गाडा दारात उतरला तेव्हा मात्र काकांनी दोन दिवस त्याला हातही लावला नाही. कारण होतं त्यांचा जावई. क्लबच्या पुढच्या फळीत उजवीकडे तोच. मान अशी, की शर्टाचं वरचं बटण स्वतःच्या लग्नातसुद्धा लागलं नव्हतं. क्लबात त्याला सगळे 'खांब' म्हणत. गेल्या हंगामात हा खांबच डळमळला. सामना कुठलाही असो, स्क्रम गरकन फिरायचा, उजवी बाजू भलतीच पुढे जायची आणि रेफरी शिट्टी फुंकून खांबाकडे बोट दाखवायचा. क्लब शेवटून दुसरा आला. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं.

नव्या हंगामाचा अंदाज वर्तमानपत्रात आला होता. मागचे गडी वेगवान आहेत, किक मारणारा भरवशाचा आहे, तेव्हा उजवीकडचा माणूस तेवढा बदलला तर क्लब पहिल्या चारांत येईल, असं त्यात छापलं होतं. नव्या कोचने दुसरा माणूस हेरूनही ठेवला होता. शुक्रवारच्या सरावानंतर तो काय ते सांगणार होता. बत्तिसाव्या वर्षी मोडीत निघालेल्या गड्याला दुसरा क्लब कुठला विचारतो?

"बाबा, हे घरात बोलतच नाहीत," मुलगी फोनवर म्हणाली. "नुसते भिंतीला खांदा लावून उभे राहतात. पडेल हो भिंत एखाद्या दिवशी." ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

मंगळवारी सकाळी काकांनी गाडा उलटा केला. डावी पट्टी घासून लख्ख झाली होती. उजवी जाडजूड, तिची कड मातीने माखलेली. डावीवरचे ओरखडे सरळ नव्हते, ते वळत गेले होते. काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी गाडा सुलटा करून दुकानामागच्या मातीत ठेवला, बरोबर मधोमध साखळी अडकवली आणि कप्पीने ओढला. गाडा हातभर सरळ आला, मग त्याने उजवीकडे तोंड वळवलं. पुन्हा ओढला, पुन्हा तेच.

काका तिथेच स्टुलावर बसले. उजवी पट्टी त्यांनीच गेल्या उन्हाळ्यात बसवली होती. त्याआधीची वाकली होती, गाडा उसळला होता आणि जावयाची मान लचकली होती. मुलगी तीन आठवडे शेकत बसली होती. म्हणून काकांनी त्या बाजूला दुप्पट जाड पट्टी टाकली, जमिनीत रुतून बसेल अशी कडही ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. आणि तो अडेल गाडा सरळ न्यायचा म्हणून बिचारे गडी वर्षभर उजवीकडून जास्त रेटत राहिले. तीच खोड सामन्यांत घेऊन गेले. पट्टी तुटली असती तर बरं झालं असतं, पण काकांचं काम, ते कसलं तुटतंय!

गुपचूप पट्टी बदलली तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. जेवताना त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

"मग क्लबात जाऊन सांगा की."

"बावीस वर्षांचं नाव आहे माझं."

"त्या नावाचं काय लोणचं घालायचंय?" बायको कडाडली. "पोरीचा चेहरा बघितलात का?"

शुक्रवारी काका गाड्याबरोबर मैदानावर गेले. दोन्ही पट्ट्या आता नव्या, एकसारख्या होत्या. आठही गड्यांसमोर त्यांनी सगळं सांगितलं. जावई खाली बघत उभा होता.

कोचने डोळे बारीक केले. "काका, जावयासाठी गोष्ट रचून आणलीत की काय?"

"ढकलून बघा ना, साहेब."

गडी वाकले, रेटा दिला आणि गाडा थेट डावीकडे वळला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. काकांना वाटलं, संपलं. पण कोच गवतावरच्या खुणांपाशी उकिडवा बसला होता.

"गाडा सरळ झालाय," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच वाकडे ढकलताय. सगळेच्या सगळे. खांब, जोर थोडा आवर."

सातव्या खेपेला गाडा बारा पावलं नाकासमोर गेला. गडी ओरडले. कोचने फोन काढला आणि त्या दुसऱ्या माणसाला 'नको' म्हणून कळवून टाकलं. "पहिल्या सामन्याला तीन आठवडे आहेत," तो गड्यांवर खेकसला, पण हसत. "वर्षाची खोड मोडायचीय. चला, पुन्हा!" काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी उगाचच खिशातला रुमाल काढून गाड्याची गादी पुसली.

सराव संपल्यावर जावई घामाने निथळत त्यांच्याजवळ आला.

"बाबा, ती पट्टी एकाच बाजूला का टाकली होती?"

"त्या बाजूला तुम्ही असता ना, जावईबापू," काका म्हणाले. त्यांना वर बघवेना. "माफ करा मला. वर्ष खाल्लं मी तुमचं."

जावयाने मानेवरून टॉवेल फिरवला.

"तरीच," तो म्हणाला. "वर्षभर सगळे मला बोल लावत होते, पण मान एकदाही दुखली नाही माझी."