दाजींचा मळका स्पंज

आमच्या साडूंनी माशांची जेवढी बडदास्त ठेवली, तेवढी साक्षात समुद्रानेही ठेवली नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुमन त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही. कळमनुरीला हळद पिकवतात आणि उरलेला सगळा जीव बैठकीतल्या काचेच्या टाकीत ठेवतात. पाहुण्याला आधी मासे दाखवायचे, मग पाणी विचारायचं. नळाच्या पाण्यात औषध असतं म्हणून माशांना विहिरीचं पाणी; माणसांनी खुशाल नळाचं प्यावं. फिल्टरमध्ये घालायचा नवा कोळसा ते सात पाण्यांनी धुतात आणि काळं पाणी यायचं थांबेपर्यंत घरात कुणी जेवायला बसलेलं त्यांना खपत नाही. एकदा फिल्टरातल्या चिनीमातीच्या नळ्या धुऊन हळदीशेजारी वाळत घातल्या, तर कोंबड्या येतील म्हणून भर उन्हात काठी घेऊन राखणीला बसले. हळदीला कधी एवढं राखलं काय, असं मेहुणीने विचारलंसुद्धा. जुन्या स्पंजाला मात्र साबण दाखवायचा नाही. तो टाकीच्याच पाण्यात हलकेच पिळायचा.

गेल्या वर्षी लेक शिकायला पुण्याला गेली आणि डोंगरकडा गावातलं आमचं घर मुकं झालं. सुमनने मासे आणले, ते मेले. परत आणले, परत मेले. तिसऱ्यांदा आणताना ती रडली आणि म्हणाली, आता हे शेवटचे. हेही गेले तर टाकीत कोथिंबीर लावते. दाजींना कळलं मात्र, त्यांनी एक नवा स्पंज आपल्या फिल्टरात जुन्याला चिकटवून महिनाभर मुरवला. पाणी चांगलं ठेवणारे जिवाणू त्या मळातच असतात, दह्याच्या विरजणासारखे, हे मी फोनवर रोज ऐकलं. मग टाकीच्या पाण्यासकट तो स्टीलच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून एसटीने आले. शेजारच्या बाईने काय आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जीव हाय."

डबा ओट्यावर ठेवून आम्ही बाहेर चहाला बसलो. आता सुमनला कुणाचा डबा मळका किंवा रिकामा परत देणं जन्मात जमलेलं नाही. आम्ही आत आलो तेव्हा डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते आणि स्पंज गरम पाण्यात साबणाने धुऊन दोरीवर लटकत होता, पांढराशुभ्र.

"दाजी, केवढी घाण होती! पार काढली बघा," ती हरखून म्हणाली.

टाकीला बोट लावलं तरी खेकसणारा हा माणूस. मी डोळेच मिटून घेतले. दाजींनी स्पंजाला बोट लावून पाहिलं. मग "लई झकास धुतलं" म्हणाले, एक लाडू खाल्ला, काम आठवल्याचं सांगून मिळेल त्या बसने कळमनुरीला गेले आणि दिवेलागणीला परत हजर! आपल्या टाकीतला जुना स्पंज अर्धा कापून आणला होता. सुमन देवापुढे होती, तेवढ्यात आम्ही तो आमच्या फिल्टरात, धुतलेल्या स्पंजामागे दडवून बसवला. मी तिला खरं सांगतो म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"काहून सांगता? लेकराविना बसून राहिली ती. मासे जगले म्हंजे झालं."

मासे जगले. दाजींच्या टाकीचं पाणी मात्र कितीतरी दिवस गढूळ राहिलं आणि त्यांचा सगळ्यात म्हातारा मासा गेला. तेही मला मेहुणीकडून कळलं. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

परवा त्यांचा फोन आला. सुमन स्पीकर लावून त्यांनाच समजावत होती, की तो स्पंज मी तेव्हा धुतला नसता तर माझे मासे कधीच गेले असते. तुम्हीही स्वच्छता ठेवत जा, म्हणजे तुमचे जगतील.

"बराबर हाय, सुमन," पलीकडून दाजी म्हणाले. "आमालाच एवढं कळलं न्हाई."