धनेश आणि पश्चिमेचं ऊन

गिऱ्हाइकाला हाकलून देणारे दुकानदार पुण्यात पुष्कळ आहेत, पण गिऱ्हाइकाची भिंत नापसंत पडली म्हणून हाकलणारा माणूस मी एकच पाहिला. नारायण पेठेतले आमचे चित्रवाले काका. इंग्रजांच्या काळातली पक्ष्यांची, फुलपाखरांची, झाडापानांची हाताने रंगवलेली छापील चित्रं आणि दुर्मीळ पुस्तकं ते विकतात, असं पाटीवर लिहिलं होतं. प्रत्यक्ष विकताना त्यांना फार थोड्यांनी पाहिलं असेल. चित्र मागितलं की ते किमतीआधी पत्ता विचारायचे, मग मजला, मग खिडकीची दिशा. मुलगी देण्याआधी स्थळाची चौकशी करावी तशी. वाघोलीहून आयटीतलं एक जोडपं आलं होतं. त्यातली बाई म्हणाली, "काका, आमच्या ग्रे सोफ्याला मॅच होईल असं काहीतरी दाखवा ना." काका चष्मा पुसत म्हणाले, "सोफ्यांचं दुकान पुढच्या चौकात आहे." उलट हॉस्टेलवरच्या एका मुलीला बेडकाचं सुरेख चित्र जवळपास फुकट दिलं, कारण तिच्या खोलीत ऊन येतच नव्हतं. ती बिचारी त्याचीच तक्रार सांगत होती.

मी रद्दीच्या हातगाडीपासून सुरुवात करून कर्वेनगरात स्वतःचं फ्रेमचं दुकान उभं केलं. भावात मला कुणी हरवलेलं नाही. पण काकांच्या खुर्चीसमोर टांगलेलं धनेश पक्ष्याचं चित्र मला वर्षानुवर्षं मिळालं नाही. पिवळीधमक चोच, आणि डोळा असा की जणू तोच आपला भाव ठरवतोय. ते मला हवंच होतं. शेवटी काका माझं घर पाहायला आले. दोन कप चहा घेतला, सगळ्या खोल्या फिरले, दिवाणखान्याच्या भिंतीला तळवा लावला.

"पश्चिमेचं ऊन. रंग उडेल."

"जाड पडदा लावतो."

"पडदे उघडायलाच असतात, मालक."

मी तापलो. "काका, तुम्हाला विकायचंय की नाही?"

"चहा छान होता," म्हणाले आणि चपला घातल्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे फक्त शनिवारी जाऊन भांडायचो.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला निघाले होते, वाघोलीला, अकराव्या मजल्यावर. "मालक, धनेश घेऊन जा." मी गेलो आणि सवयीने त्यांच्या किमतीच्या निम्मा भाव सांगितला.

"चालेल."

"चालेल काय? अहो, मी निम्मा म्हणालो."

"ऐकू येतं मला."

मी चिडून भाव वाढवला. ते नको म्हणाले. मी आणखी वाढवला. आयुष्यात पहिल्यांदाच मी वर चाललो होतो आणि समोरचा मला खाली ओढत होता. शेवटी पूर्ण पैसे त्यांच्यासमोर आपटले. "आणि उन्हाचं काय?"

"तुमच्या आतल्या खोलीत उत्तरेची भिंत आहे. तेव्हाच पाहिली मी. उत्तम आहे."

"मग तेव्हा का नाही दिलंत?"

"सकाळी दुकान उघडलं की समोर कुणीतरी लागतं हो."

"मग लेकीकडे न्या की."

"तिकडे भिंती कुठल्या? सगळ्या काचाच. मी मला दिलं नसतं."

त्यांनी चित्र धुवट धोतरात गुंडाळलं, वरून दोरी बांधली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली, पुन्हा सोडली. मी समोरच्या स्टुलावर बसून राहिलो.