भुलाबाईचा झाकलेला खाऊ

अकोटला जुन्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत माणिकबाईंचं घर विचारलं, तर "भुलाबाईवाल्या काकूंचं न? ते टोकाचं," असं कोणीही सांगेल. यजमान जिनिंगमध्ये मुकादम होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. लेक दामिनी नाशिकला दिलेली. रविवारी तिचा फोन येतो. "जेवली का, गोळी घेतली का," एवढं होतं न होतं तोच तिकडे कुकरची शिट्टी वाजते.

भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई, म्हणजे पार्वती, भुलोजी शंकराला घेऊन माहेरी येते आणि कोजागिरी झाली की सासरी जाते. माणिकबाई लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हापासून गल्लीतल्या भुलाबाईचं माहेर म्हणजे त्यांची ओसरी. ज्वारीच्या धांड्यांचं मखर, पाटावर मातीची जोडी आणि ओसरी भरून परकरातल्या पोरी. गाणी संपली की खरा गोंधळ पुढेच असायचा. माणिकबाई आतून झाकलेला डबा आणत आणि कानाशी हलवून दाखवत.

"सांगा वं, काय झाकलं?"

"चिवडा! फुटाणे! खोबरं!" पोरी ओरडत. ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हा नेम. तोवर देवीलाही नाही नि पोरींनाही नाही. एकदा त्यांनी चिंचगुळाच्या गोळ्या झाकल्या. पोरींना काही केल्या ओळखू येईनात. दिवेलागण झाली म्हणून आया बोलवायला आल्या, तर त्याही पदर खोचून ओळखायला बसल्या.

मग पोरी मोठ्या झाल्या, त्यांच्या मागून आलेल्या शिकवण्यांना जाऊ लागल्या, त्यांच्या मागच्यांना कॉलनीतला गरबा आवडू लागला. त्यात कोणाचं चुकलं असं माणिकबाई म्हणत नाहीत. अलीकडे त्या एकट्याच टिपऱ्या घेऊन बसतात. गाण्यातली सासूही त्याच, सूनही त्याच. तेवढं जमून जातं. अडतं ते खाऊपाशी. आपणच झाकलेलं आपण कसं ओळखायचं? पहिल्या वर्षी त्यांनी रीतीप्रमाणे डबा हलवला, जरा थांबल्या, आणि "खोबरं-साखर," असं आपणच हळू म्हणून झाकण काढलं. देवीशी खोटं खेळल्यासारखं झालं. ते खोबरं मग कितीतरी दिवस पुरलं.

यंदा फाल्गुनात अमरावतीच्या एका सरकारी सांस्कृतिक कार्यालयातून फोन आला. वऱ्हाडातल्या बायकांची गाणी सरकार ध्वनिमुद्रित करून जपणार होतं, शाळांना देणार होतं. फोनवर साधना नावाची मुलगी होती.

"काकू, तुम्हाला भुलाबाईची सगळी गाणी येतात म्हणे. आम्ही येऊ का रेकॉर्डिंगला?"

"या न. भादव्यात या."

"भादव्यात नाही, याच महिन्यात. मार्च एंड आहे काकू. या वर्षीचं काम या वर्षीच व्हायला हवं."

"अवं बाई, भुलाबाई आता सासरी हाये. तिले मधातच कशी बोलावू? अन् तुमचं मार्च एंड तिच्या सासूले कोण सांगन?"

साधना खळखळून हसली. मग जरा हळू म्हणाली, "तुम्हीच सांगा काकू. आणि तुमच्यामागे ही गाणी कोण म्हणणार, तेही तिलाच विचारा."

हे मात्र माणिकबाईंच्या मनाला लागलं. देवपूजा करताना, भाजी निवडताना तेच डोक्यात. शेवटी त्यांनी तोड काढली. मूर्ती मांडायची नाही, मखर उभारायचं नाही. नुसता पाट मांडून हळदकुंकू वाहायचं आणि सांगायचं, माय, माझा आवाज कानावर आला तरी निघू नको, ही फक्त गाणी उतरवून घेणं चाललं आहे.

खाऊ मात्र करायचा. त्याच्याशिवाय गाण्यावरून उठणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. आणि दुसरंही एक मनात होतं, ते त्यांनी पाटालाही सांगितलं नाही. दोन माणसं येणार होती. डब्यात काय आहे हे माहीत नसलेली दोन माणसं. माणिकबाई सकाळी न्हाऊनधुऊन शंकरपाळे तळायला बसल्या, ते गुणगुणतच.

साधनाबरोबर विपुल होता, यंत्रवाला. त्याने माइक लावला, कानाला हेडफोन चढवले, आणि लगेच काढले. शेजारी मिक्सर घरघरत होता. मधल्या बुटक्या भिंतीवरून त्याने हाक मारली. पलीकडे वीज खात्यातल्या नोकरदाराची बायको माधवी, दिवाळीपासून भाड्याने राहायला आलेली. माणिकबाईंशी तिची ओळख "दूधवाला येऊन गेला का जी" इतकीच.

"वहिनी, मिक्सर थोडा वेळ बंद ठेवता का? सरकारी रेकॉर्डिंग आहे."

"अन् माही चटणी?"

"ती सरकारजमा नाही करत. फक्त थांबा."

मिक्सर थांबला. माणिकबाई गायल्या. माहेर, सासर, रुसवा, दागिने, एकामागून एक गाणं निघत गेलं. मध्येच त्यांचा आवाज भरून आला, पण टिपऱ्यांचा ठेका सुटला नाही. साधनाने डोळे पुसले. ती मनाने चांगली होती. तिने शाल घातली, नारळ दिला, वाकून नमस्कार केला.

मग माणिकबाई लगबगीने आत गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. कानाशी धरून हलवला.

"सांगा, काय झाकलं?"

"अय्यो काकू, अकोल्याला पोचायचंय, तिकडे बायका खोळंबल्यात," साधना घड्याळ बघत म्हणाली.

"द्या न काकू, गाडीत खातो," म्हणत विपुलने डबा हातात घेतला आणि झाकण उघडलं. "अरे वा! शंकरपाळे!"

त्याने मूठ भरून घेतली. साधनानेही घेतले, छान झालेत म्हणाली. गाडी गल्लीबाहेर गेली. माणिकबाई उघडा डबा घेऊन उभ्याच राहिल्या. भिंतीपलीकडे माधवीचा मिक्सर पुन्हा सुरू झाला.

भाद्रपदात साधनाने फोनवर गाणी पाठवली. खाली माणिकबाईंचं नाव, गावाचं नाव. अमरावतीच्या दोन-तीन शाळांतल्या पोरी यंदा हीच गाणी शिकल्या, असंही लिहिलं होतं. दामिनी म्हणाली, "आई, तू तं फेमस झाली!" आणि तिकडे शिट्टी वाजली. माणिकबाईंना खरंच बरं वाटलं. आपली गाणी आता आपल्याबरोबर जाणार नाहीत. पण ज्या पोरी ती म्हणत होत्या, त्या अमरावतीला होत्या.

कोजागिरी आली. मखर, दिवा, पाटावर जोडी. निरोपाचा दिवस, म्हणून त्यांनी जरा वेगळा बेत केला. मुरमुऱ्याचे लाडू वळले आणि डब्यात झाकले. संध्याकाळी त्यांनी फोन पाटाजवळ ठेवला आणि गाणी लावली. फोनमधली माणिकबाई सासू झाली, या सून झाल्या. किती दिवसांनी कोणीतरी उत्तर देत होतं, मग ते आपणच का असेना. शेवटचं गाणं संपलं आणि फोन गप्प झाला. पुढचं त्यात नव्हतंच.

त्यांनी डबा उचलला. हलवला. पण विचारायचं कोणाला?

"काकू!" भिंतीवरून माधवीचं डोकं वर आलं. "ते रेकॉर्डिंगवाले आले का जी पुन्हा? मिक्सर बंद केला मी."

"नाही वं. मीच हाव. तो फोन होता."

"मले वाटलं..." माधवीची नजर डब्यावर गेली. "त्या दिवशी त्या पोट्ट्यानं झाकणच काढलं न सरळ! मले असा राग आला होता! आमच्या नांदगावले कोणी असं केलं असतं तं टिपरीच हाणली असती."

"तुमच्याइथं मांडत होते?"

"तं काय! हलवा बरं."

माणिकबाईंनी डबा हलवला. आत काहीतरी हलकंसं आपटलं.

माधवीने कान टवकारले. "मुरमुऱ्याचे लाडू!"

पहिल्याच फटक्यात. आता झाकण काढायचं, लाडू द्यायचा, आणि ती भिंतीवरून तो घेऊन आपल्या चटणीकडे जाणार. आयुष्यात त्या देवासमोर खोटं बोलल्या नव्हत्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही? असं कसं?" माधवी हट्टाला पेटली. "थांबा, मीच येतो तिकडं. जवळून आयकू द्या."

ती दारातून आली, ओले हात पदराला पुसत ओसरीवर मांडी घालून बसली. "राजगिऱ्याच्या वड्या?"

"नाही," माणिकबाई म्हणाल्या, आणि मखराकडे न बघता त्यांनी डबा पुन्हा हलवला.